क्रिस्टल काढा, पाटी राहू द्या

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या आठवड्यात एका तंत्रनिकेतनातील अध्यापकांचे पत्र छायाचित्रासह प्रसिद्ध झाले आहे. विद्यार्थ्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून किलोच्या भावाने आणलेली ॲल्युमिनियमची एक जड पेटी ‘रिपीटरचा पॉवर ॲम्प्लिफायर’ आहे, एवढेच विक्रेत्याने सांगितले. पाटी नाही, मॉडेल नाही. ती कोणत्या कंपनीची, किती वॅटची आणि किती व्होल्टवर चालणारी हे कळत नाही. तरी जाणकारांनी ती ओळखून द्यावी, अशी त्यांची विनंती आहे. बिनतारी संचांच्या दुरुस्तीत आयुष्याची बरीच वर्षे गेल्याने आणि हौशी (हॅम) रेडिओचा परवाना आजही बाळगून असल्याने या पत्राला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले. केवळ बाहेरच्या छायाचित्रावरून पेटीचे नाव सांगणे शक्य नाही आणि कोणी छातीठोकपणे सांगितलेच, तर त्यावर विसंबूही नये. मात्र ती ओळखायची कशी, हे निश्चित सांगता येते. शिवाय ती ओळखता येऊ नये अशी व्यवस्था कोणी आणि का करून ठेवली, यावरही चार शब्द लिहिणे भाग आहे.

प्रथम एक विनंती. पेटीची ओळख पटेपर्यंत तिला वीज देऊ नये. ‘बारा व्होल्ट लावून बघू, काय होते ते’ हा उत्साह अशा वस्तूंच्या बाबतीत महागात पडतो. लाल तार धन आणि काळी ऋण हे गृहीतही येथे धोक्याचे आहे, कारण दूरध्वनी केंद्रांच्या जोडीने बसवलेली पुष्कळ यंत्रे उणे ४८ व्होल्टवर चालत आणि त्यांत धन टोक जमिनीला जोडलेले असे.

सर्वसामान्य वाचकांसाठी थोडक्यात सांगायचे, तर रिपीटर हा डोंगरावर किंवा उंच इमारतीवर बसवलेला असा संच असतो, जो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा प्रक्षेपित करतो. हौशी रेडिओच्या दोन मीटर पट्ट्यात, म्हणजे भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, या दोहोंतील अंतर साधारणपणे ६०० किलोहर्ट्झ ठेवतात. हातातल्या पाच वॅटच्या सेटवरून घाटापलीकडच्या माणसाशी बोलता येते ते यामुळेच. पोलीस, वन, पाटबंधारे, वीज अशा खात्यांची बिनतारी जाळी वर्षानुवर्षे अशाच संचांवर चालत आली आहेत. या संचातील प्रक्षेपणाचा शेवटचा, सर्वाधिक शक्तीचा टप्पा म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायर. आम्ही तंत्रज्ञ त्याला नुसते ‘पीए’ म्हणतो. गाडीतल्या सेटचा पीए बोलणाऱ्याने बटण दाबले तेवढाच वेळ राबतो. रिपीटरच्या पीएला अशी उसंत नसते. परिसरातील कोणीही बोलत असेल तोवर त्याला प्रक्षेपण चालू ठेवावे लागते आणि पूरपरिस्थितीसारख्या वेळी ही बोलणी तासन् तास थांबत नाहीत. त्यामुळे शंभर वॅटच्या पीएला पन्नास वॅट देणाऱ्या गाडीतल्या सेटच्या मानाने कितीतरी मोठे हीट सिंक, बहुधा पंखा आणि जाड तांब्याचे जोड असतात. पेटीचे वजन ही म्हणूनच पहिली खूण आहे, पण तेवढीच पुरेशी नाही.

मोजपट्टी लावावी. पुढच्या पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर भरली आणि उंची पावणेदोन इंचाच्या पटीत आली, तर ती रॅकमध्ये बसणारी, म्हणजे एका जागी कायमची बसवायची वस्तू आहे. मग सॉकेट पाहावीत. आत येणारे सॉकेट लहान, बीएनसी जातीचे, आणि बाहेर जाणारे जाड, एन जातीचे असेल, तर ते रिपीटरच्या पीएला साजेसे आहे. दोन्हीकडे एसएमए जातीची बारीक पिवळी सॉकेट असतील, तर ती पेटी बहुधा मोबाईलच्या मनोऱ्यावरून उतरलेली आहे, असा संशय घ्यावा. फ्यूज शाबूत असेल, तर त्यावरचा आकडा टिपून ठेवावा. पुढे हिशेब पडताळताना तो फार उपयोगी पडतो.

व्होल्टेजचा अंदाज आतील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सांगतात. विजेच्या मुख्य तारेवरच्या कॅपॅसिटरवर १६ किंवा २५ व्होल्ट लिहिलेले असेल, तर पेटी १२ ते १३.८ व्होल्टची, ५० किंवा ६३ लिहिलेले असेल, तर २४ किंवा २८ व्होल्टची असण्याची शक्यता मोठी. जमिनीला कोणते टोक जोडले आहे, हेही याच कॅपॅसिटरच्या ऋण पट्टीवरून मल्टिमीटरने तपासता येते. फ्रिक्वेन्सीचा आवाका कोणता, हे गुंडाळ्यांकडे पाहून कळते. तीस-चाळीस मेगाहर्ट्झच्या पीएत तारेचे बरेच वेढे असलेल्या गुंडाळ्या दिसतात, दीडशेच्या आसपास दोन-चार वेढे पुरतात, आणि साडेचारशेला पोहोचेपर्यंत गुंडाळ्या जवळपास नाहीशा होऊन बोर्डावर कोरलेल्या रुंद पट्ट्याच त्यांचे काम करतात. दोन ट्रान्झिस्टरांची शक्ती एकत्र करण्यासाठी केबलचे तुकडे वापरले असतील, तर त्यांची लांबीही बोलकी असते: साध्या पॉलिथिनच्या केबलचा पाव तरंगलांबीचा तुकडा १५० मेगाहर्ट्झला सुमारे ३३ सेंटिमीटर भरतो, तर ४५० ला तो ११ सेंटिमीटरवर येतो.

असे एकेक धागे जुळवत कुठवर जाता येते, हे दाखवण्यासाठी मागे माझ्यासमोर उघडलेल्या अशाच एका निनावी पेटीचा दाखला देतो. तिच्या दर्शनी भागावर रिव्हेटची चार भोके तेवढी उरली होती आणि मधला पत्रा ग्राइंडरने चकाकेपर्यंत घासलेला होता. झाकणाचे स्क्रू काढल्यावर आत दोन मोठे आणि एक त्याहून लहान, असे तीन ट्रान्झिस्टर दिसले. पांढऱ्या चिनी मातीसारख्या टोपीवरची धूळ ओल्या बोळ्याने अलगद पुसल्यावर मोठ्या दोघांवर ‘एमआरएफ २४७’ आणि लहानावर ‘२एन ६०८४’ ही अक्षरे वाचता आली. येथे अर्धे काम झाले. एमआरएफ २४७ हा १२.५ व्होल्टवर, १७५ मेगाहर्ट्झपर्यंत ७५ वॅट देणारा मोटोरोलाचा ट्रान्झिस्टर आहे आणि २एन ६०८४ हा त्याच व्होल्टेजचा, त्याच आवाक्यातला, ४० वॅटचा. म्हणजे पेटी व्हीएचएफची (३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या आवाक्यातली), साडेबारा-पावणेचौदा व्होल्टची, आणि दोन फायनल ट्रान्झिस्टर जोडीने चालवून, जोडातली घट धरता, शंभर ते एकशेवीस वॅटची ठरली.

पण खरी मोलाची माहिती उलट्या दिशेने हिशेब केल्यावर हाती येते. एमआरएफ २४७ ची वाढ सुमारे ७ डेसिबल, म्हणजे पाचपट. दोघांकडून मिळून एकशेवीस वॅट हवे असतील, तर त्यांना चोवीस-पंचवीस वॅट, आणि वाटपातली घट धरली तर तीसच्या आत ड्राइव्ह, म्हणजे आत द्यायची शक्ती, लागेल. ती देणाऱ्या २एन ६०८४ ची वाढ साडेचार डेसिबल, म्हणजे पावणेतीनपटीच्या आसपास. त्यामुळे पेटीच्या तोंडाशी दहा वॅट द्यायला हवेत. हा दहाचा आकडा पाटीवर असता तर एका दृष्टिक्षेपात कळला असता. तो न कळल्यामुळे गाडीतला पंचवीस वॅटचा सेट हौसेने जोडला असता, तर पहिलाच ट्रान्झिस्टर गेला असता. जागेवर सापडलेला फ्यूज ३० अँपिअरचा होता आणि निम्म्या कार्यक्षमतेने शंभर-एकशेवीस वॅट काढायचे तर वीस-बावीस अँपिअर ओढले जाणार, याच्याशी तो नीट जुळत होता.

रिपीटरचाच पीए कशावरून, याची खात्री दोन गोष्टींनी झाली. बाहेर जाणाऱ्या सॉकेटच्या अलीकडे मुख्य पट्टीला समांतर अशा दोन बारीक रेषा आणि प्रत्येकीच्या टोकाला एकेक डायोड होता. पुढे जाणारी आणि अँटेनाकडून परत येणारी शक्ती मोजण्याची ती सोय. बाजूला त्याच मापनाच्या तारा बाहेर नेणारे बहुपिनी सॉकेट होते. डोंगरावरच्या निर्मनुष्य खोलीत संचावर नजर ठेवायची असते, तेथे अशी सोय लागते. दुसरे असे, की एकाही ट्रान्झिस्टरच्या बेसला (संकेत आत येण्याच्या टोकाला) बायस, म्हणजे संकेत नसतानाही थोडे व्होल्टेज, देणारा प्रीसेट (फिरवून जुळवायचा रोध) नव्हता. बेस आणि जमीन यांच्यामध्ये फेराइटचा मणी ओवलेला एक चोक (तारेची छोटी गुंडाळी), इतकेच. म्हणजे पीए ‘क’ वर्गाचा (क्लास-सी), अर्थात केवळ एफएम चालवणारा. नवख्यांसाठी येथे एक सूचना करतो: अशा पीएत मल्टिमीटर बेस आणि एमिटर यांच्यात शून्य ओहम दाखवतो आणि ट्रान्झिस्टर जळाला अशी समजूत होते. तो चोकचा रस्ता असतो. ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा ठणठणीत निघतो. ही पेटी कोणत्या कंपनीची, हे शेवटपर्यंत कळले नाही आणि त्यावाचून काही अडलेही नाही. अध्यापक महाशयांच्या तीन प्रश्नांपैकी कंपनीचा प्रश्न मी म्हणूनच शेवटी ठेवीन.

अर्थात ट्रान्झिस्टर इतके सरळ बोलतातच असे नाही. मोठ्या कंपन्या पुष्कळदा त्यांवर स्वतःचे घरगुती क्रमांक छापून घेत आणि ते कोणत्याही डेटाबुकात सापडत नाहीत. अशा वेळी बोर्डाच्या कडेला, झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा हीट सिंकच्या खाचेत शाईचा शिक्का शोधावा. पाटी घासणाऱ्याचा हात तिथवर सहसा पोहोचत नाही. मोटोरोलाच्या जुन्या संचांत ‘टीएलडी’ने सुरू होणारा क्रमांक व्हीएचएफचा पीए दर्शवतो, ‘टीएलई’ यूएचएफचा, म्हणजे साडेचारशेच्या आसपासचा, आणि ‘टीएलएफ’ आठशे-नऊशे मेगाहर्ट्झचा. जनरल इलेक्ट्रिकच्या बोर्डांवर १९ ए ते १९ डी अशा अक्षरांनी सुरू होणारे आराखड्यांचे क्रमांक असतात आणि त्यांच्या माहितीपुस्तिका ‘एलबीआय’ या अक्षरांनी ओळखल्या जातात. मित्सुबिशीच्या अलीकडच्या मॉड्यूलांनी तर कोडेच ठेवलेले नाही: ‘आरए ६० एच १३१७ एम’ या नावातच साठ वॅट आणि १३५ ते १७५ मेगाहर्ट्झ हे दोन्ही सांगून टाकलेले आहे.

विक्रेत्याने ‘रिपीटर’ म्हटले म्हणून पेटी रिपीटरचीच असते, असेही नाही. त्याला त्याच्या आधीच्या माणसाने जे सांगितले तेच तो सांगतो. दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद झाली. तालुक्याच्या गावी शंभर वॅटची लघुशक्ती केंद्रे होती आणि त्यांतली पुष्कळशी १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत. त्या जातीचा पीए दिसायला अगदी रिपीटरच्या पीएसारखा वाटतो, परंतु चित्राचा संकेत विकृत न करता वाढवायचा असल्याने तो ‘एबी’ वर्गाचा असतो. प्रत्येक ट्रान्झिस्टरजवळ बायसचा प्रीसेट आणि बहुधा २८ व्होल्टची योजना असते, आणि ड्राइव्ह न देताही तो काही अँपिअर ओढत बसतो. मोबाईलच्या मनोऱ्यावरचा पीए ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यासाठी बनवलेला असतो. तो दोन मीटर पट्ट्यावर आणण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही, त्याचे हीट सिंक आणि पंखा काढून घ्यावा. एफएम आकाशवाणीच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पीएंबद्दल मी येथे मुद्दाम काही लिहीत नाही, कारण ते नको त्या हौसेला खतपाणी ठरते.

ओळख पटली, तरी पहिल्यांदा वीज देण्याचा एक क्रम आहे आणि तो सोडू नये. आधी थंड अवस्थेत बाहेरचा लो-पास फिल्टर तपासावा. पूर्वी यासाठी लाखांची उपकरणे लागत. आता नॅनोव्हीएनए नावाचे तळहाताएवढे उपकरण काही हजारांत मिळते आणि तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेला ते सहज परवडेल. फिल्टर बोर्डापासून सुटा करून त्याची दोन्ही टोके या उपकरणाला जोडली, की तो कुठपर्यंत संकेत जाऊ देतो आणि कुठे अडवतो याचा आलेख समोर येतो. वर सांगितलेल्या पेटीचा फिल्टर १८० मेगाहर्ट्झच्या सुमारास खाली वाकत होता आणि २९० ला जवळजवळ काहीच पुढे जाऊ देत नव्हता. पीए कोणत्या पट्ट्याचा, याचा हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे, कारण ट्रान्झिस्टर मागाहून कोणी बदललेला असू शकतो, फिल्टरच्या वाट्याला सहसा कोणी जात नाही. चालू पीएच्या बाहेरच्या टोकाला मात्र हे उपकरण चुकूनही जोडू नये. ते क्षणात निकामी होईल.

त्यानंतर बाहेरच्या टोकाला पुरेशा वॅटचा ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध) आणि मध्ये वॅटमीटर जोडून, विद्युत्पुरवठ्यावर करंटची मर्यादा बांधून, नेहमीपेक्षा कमी व्होल्टेजवर सुरुवात करावी. बारा व्होल्टच्या पेटीला नऊ-दहा पुरेत. ड्राइव्ह न देता ‘क’ वर्गाच्या पीएने काहीही ओढता कामा नये. ओढू लागला, तर तेथेच थांबावे. मग एखादा वॅट ड्राइव्ह देऊन वॅटमीटर आणि करंट यांची चढण सोबतच होते का, ते पाहावे. ड्राइव्ह कमी-जास्त करताना वॅटचा काटा एकदम उडी मारत असेल, तर पीए स्वतःच्याच मनाने आंदोलने करू लागला आहे असे समजावे.

हा शेवटचा मुद्दा केवळ पीए वाचवण्यापुरता नाही. ‘क’ वर्गाचा जुना, वाळलेल्या कॅपॅसिटरांचा पीए भलत्याच फ्रिक्वेन्सीवर आंदोलने करतो तेव्हा त्याचा कचरा कुठेही पडू शकतो, आणि व्हीएचएफच्या शेजारी कोण आहे ते पाहिले म्हणजे याचे गांभीर्य लक्षात येईल. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे संभाषण चालते. १५६ च्या वर सागरी पट्टा आहे आणि त्यातील १५६.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सोळावी वाहिनी, समुद्रावरील संकटाच्या हाकेसाठी राखलेली आहे. फिल्टर काढून टाकलेला पीए १४५ वर चालवला, तर त्याची तिप्पट ४३५ वर उमटते, म्हणजे थेट हौशी रेडिओच्याच ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यात. अँटेना जोडून ‘रेंज बघण्याचा’ मोह विद्यार्थ्यांनी टाळावा, तो एवढ्यासाठी.

आता पाटीविषयी. या पेट्या निनावी होतात त्या बाजारात नव्हे. बाजारात येण्यापूर्वीच होतात. जडवस्तुसंग्रह नोंदवहीतून वस्तू निर्लेखित करताना बिनतारी संचांच्या पाट्या उखडून किंवा घासून घ्याव्यात, अशी पद्धत काही कार्यालयांत रूढ आहे आणि त्यामागे ‘सुरक्षा’ हे कारण सांगितले जाते. हे कारण जो सांगतो त्याने संच उघडून पाहिलेला नसतो. संचाची फ्रिक्वेन्सी पीएत साठवलेली नसतेच. व्हीएचएफचा पीए पट्ट्यातील कोणत्याही फ्रिक्वेन्सीवर चालतो, फार तर मेळ थोडा बदलून घ्यावा लागतो. तो पोलिसांच्या रिपीटरमध्ये होता की वनखात्याच्या, हे पाटीवरून कळले तरी कोणती वाहिनी वापरात होती ते कळत नाही. जुन्या संचांत ती गुप्त गोष्ट एक्सायटरमधल्या, म्हणजे मूळ संकेत तयार करणाऱ्या भागातल्या, क्रिस्टलवर असते. क्रिस्टलवर १२.१ मेगाहर्ट्झ लिहिलेले असेल आणि संच बारापट करणारा असेल, तर १४५.२ हा आकडा शाळकरी पोरालाही काढता येईल. नंतरच्या संचांत ती गोष्ट मेमरीच्या चिपमध्ये असते, आणि रिपीटर उघडणारा टोन, म्हणजे ६७ ते २५० हर्ट्झच्या दरम्यानचा न ऐकू येणारा सूर, हा टोनच्या बोर्डावर.

आणि डुप्लेक्सर! एकाच अँटेनावर ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी शक्य करणारी ही कॅव्हिटींची, म्हणजे धातूच्या पोकळ नळकांड्यांची, चळत ठरावीक दोन फ्रिक्वेन्सींवर तंतोतंत जुळवलेली असते. ती नॅनोव्हीएनएला लावली, की दोन्ही फ्रिक्वेन्सी पडद्यावर दिसतात. एका कार्यालयाच्या लिलावाच्या लॉटमध्ये मी असे पाहिले आहे, की सर्व पीएंच्या पाट्या निष्ठेने घासलेल्या होत्या, आणि शेजारीच ठेवलेल्या डुप्लेक्सरवर कोण्या जुन्या तंत्रज्ञाने तेलखडूने लिहिलेल्या दोन्ही फ्रिक्वेन्सी, जुळवणीच्या तारखेसह, स्वच्छ वाचता येत होत्या. सुरक्षेची खरोखर चिंता असेल, तर क्रिस्टल काढावेत, मेमरी पुसावी, टोनचे बोर्ड वेगळे करावेत, कॅव्हिटींचे दांडे फिरवून जुळवणी मोडून टाकावी. यासाठी एका तंत्रज्ञाचा अर्धा दिवस पुरतो. पीएची पाटी घासून फक्त एवढेच साधते, की चालू स्थितीतील, हजारो रुपयांची वस्तू ॲल्युमिनियमच्या भावाने जाते आणि ती घेणाऱ्याला धोका कळत नाही.

धोक्याची गोष्ट निघालीच आहे, तर या संपूर्ण पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मांडतो. जुन्या शक्तिशाली रेडिओ ट्रान्झिस्टरांच्या तळाशी बेरिलियम ऑक्साइडचा पांढरा थर असतो. हा पदार्थ वीज वाहू देत नाही आणि उष्णता मात्र धातूसारखी वाहून नेतो, म्हणून तो वापरला जाई. अखंड असताना त्यापासून काही अपाय नाही. फुटला, घासला किंवा त्यात ड्रिल घातले, तर त्याची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते आणि बरा न होणारा, पुष्कळ वर्षांनीही डोके वर काढणारा फुप्फुसाचा विकार त्यातून जडू शकतो. ट्रान्झिस्टरच्या पायांवर सोन्याचा मुलामा असल्याने भंगार वेगळे करणारे लोक नेमका तोच भाग हातोडीने फोडतात, आणि हे काम करणाऱ्यांत पोरेबाळे असतात. पाटीबरोबर संचाची ओळख जाते, ओळखीबरोबर माहितीपुस्तिका निरुपयोगी होते आणि बेरिलियमचा इशारा नेमका त्या पुस्तिकेत असतो. २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जायला हवा. तो जुन्या बाजारातील फरशीवर मिळतो, यावरून मधली साखळी कुठेतरी तुटते हे उघड आहे. निर्लेखनाच्या आणि ई-लिलावाच्या यादीत ‘भंगार, इलेक्ट्रॉनिक, इतके किलो’ असे न लिहिता पट्टा, व्होल्टेज, वॅट आणि ‘बेरिलियम ऑक्साइड असण्याची शक्यता’ या चार रकान्यांची सक्ती संबंधित विभागांनी करावी. त्याला एक पैसा लागणार नाही. तंत्रनिकेतनातही विद्यार्थ्यांनी हे ट्रान्झिस्टर कानशीने घासू नयेत आणि फुटलेला आढळल्यास झाडू न मारता, ओल्या कागदाने उचलून, बंद डब्यात ठेवून, डब्यावर स्पष्ट लिहावे.

परवान्याबाबत थोडेसे. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे हा १९३३ च्या कायद्याने गुन्हा ठरवला होता. १८८५ चा तार कायदा आणि हा १९३३ चा कायदा यांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला, तरी परवानगीवाचून प्रक्षेपण करण्याची मुभा त्यानेही दिलेली नाही. हौशी रेडिओचे परवाने दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतात आणि ते व्यक्तींप्रमाणे शिक्षणसंस्थांनाही मिळू शकतात. तंत्रनिकेतनाने असा परवाना घ्यावा, अध्यापकांपैकी एकाने परीक्षा द्यावी. ती परीक्षा कठीण नाही आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्याला तर मुळीच नाही. तोपर्यंत पेटीचा अभ्यास डमी लोडपर्यंतही न नेता, थंड अवस्थेतील मोजमापांपुरता ठेवला, तरी विद्यार्थ्यांना त्यातून एक सत्रभर पुरेल इतके शिकता येईल.

आपणास विनंती, की जागा असल्यास संबंधित अध्यापकांकडून झाकण काढलेल्या पेटीचे दुसरे छायाचित्र मागवून प्रसिद्ध करावे. ट्रान्झिस्टरवरील अक्षरे, मोठ्या कॅपॅसिटरवरील व्होल्टचा आकडा आणि बाहेरच्या सॉकेटलगतचा फिल्टर शेजारी फूटपट्टी ठेवून स्पष्ट दिसेल असे घेतले, तर माझ्यासारखे जे कोणी जुने तंत्रज्ञ हे सदर वाचतात, त्यांच्यापैकी कोणीतरी पट्टा, वॅट आणि ड्राइव्ह नक्की सांगू शकेल. टोप्यांवरची धूळ पुसताना सॉल्व्हंट वापरू नये. जुन्या छपाईची शाई त्याने निघून जाते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बिनतारी तंत्रज्ञ, पुणे